तारीख पाठ आहे, पण ‘सार्वजनिक’ म्हणजे काय?

मार्च महिना लागला की आपल्या वस्त्यांमध्ये लहान मुलांच्या भाषणांची तयारी सुरू होते. २० मार्चला महाडचा क्रांतिदिन, १४ एप्रिलला जयंती, पाठोपाठ बुद्ध पौर्णिमा. पहिली-दुसरीतले लेकरू माईकसमोर उभे राहते आणि चवदार तळ्याची तारीख, साल, सत्याग्रहाचे महत्त्व एका दमात म्हणून दाखवते. टाळ्या पडतात, बक्षीस मिळते. ते मिळायलाच हवे. ज्या समाजाला शतकानुशतके तोंड उघडू दिले नाही, त्या समाजाचे सहा वर्षांचे मूल चारशे माणसांसमोर न घाबरता बोलते, ही लहान गोष्ट नाही.

पण भाषण झाल्यावर त्याच मुलाला जवळ घेऊन विचारून पाहा. ते तळे कुणाचे होते? सार्वजनिक म्हणजे काय? आपल्या गल्लीत सार्वजनिक असे काय काय आहे? बहुतेक मुले गप्प होतात, किंवा भाषणातलेच वाक्य पुन्हा म्हणतात. यात मुलाचा दोष नाही. आपण त्याला तारीख दिली, वाक्य दिले, पण ज्या विचारासाठी महाड घडले तो विचार त्याच्या हाती दिला नाही.

तो विचार सहा-सात वर्षांच्या मुलाला देता येतो का? येतो. शिक्षणशास्त्रात त्यासाठी एक पद्धत आहे. तिला संकल्पनाधारित शोध-शिक्षण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. मोठ्या शहरांतल्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळा आज हीच पद्धत पालकांना विकतात. भोसरीतल्या कामगाराच्या मुलाला ती महापालिकेच्या शाळेत आणि विहाराच्या रविवारच्या वर्गात का मिळू नये, हा आमचा प्रश्न आहे.

माहिती वेगळी, संकल्पना वेगळी

माहिती एका जागेला, एका दिवसाला बांधलेली असते. ‘महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला’ ही माहिती. ती महाडपुरती आणि त्या दिवसापुरती खरी. संकल्पना मात्र जागा बदलली तरी सोबत येते. ‘सार्वजनिक’ ही संकल्पना मुलाला कळली, तर ती तळ्याला लागते, रस्त्याला लागते, बागेतल्या झोपाळ्याला लागते, सरकारी दवाखान्याला लागते आणि शाळेतल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीलाही लागते.

दुसरे उदाहरण घेऊ. बर्फ वितळतो, पुन्हा गोठवता येतो. कणकेची पोळी भाजली की तिची पुन्हा कणीक होत नाही. मुलाने दोन्ही गोष्टी घरी पाहिलेल्या असतात. त्यातून ‘बदल’ ही संकल्पना आणि ‘काही बदल उलटवता येतात, काही येत नाहीत’ हे विधान पहिलीतले मूलही गाठू शकते. मग मेणबत्ती, कोळसा, गंजलेला खिळा, उमललेले फूल, काहीही समोर ठेवा, ते स्वतः ताडून पाहते.

म्हणजे शिकण्याचे तीन थर झाले. खाली माहिती, तिच्या वर संकल्पना आणि सर्वात वर दोन संकल्पनांना जोडणारे विधान. आपल्या बहुतेक वर्गांत शिकवणे पहिल्या थरावर थांबते आणि परीक्षाही तिथलीच असते.

या पद्धतीत शिक्षक विधान आधी सांगत नाही. तो उदाहरणे निवडतो, नेमके प्रश्न विचारतो आणि मुलांना त्या विधानापर्यंत चालत जाऊ देतो. मात्र मुलांना मोकळे सोडून देणे म्हणजे शोध-शिक्षण नव्हे. उलट यात शिक्षकाची तयारी जास्त लागते, कारण कुठले उदाहरण कधी समोर ठेवायचे हे त्याला आधी ठरवावे लागते.

या विचाराची आधुनिक मांडणी अमेरिकेत झाली. जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली आणि स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम यांतून मुलांना विज्ञान व समाज शिकवला. जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये असे मांडले की, कुठल्याही विषयाचा गाभा कुठल्याही वयाच्या मुलाला त्याला झेपेल अशा रूपात प्रामाणिकपणे शिकवता येतो. पुढे लिन एरिक्सन यांनी संकल्पनाधारित अभ्यासक्रमाची चौकट उभी केली आणि कार्ला मार्शल व रेचेल फ्रेंच यांनी २०१८ मध्ये वर्गात वापरण्याजोग्या पायऱ्या मांडल्या. मुलांना विषयात ओढणे, संकल्पना स्पष्ट करणे, शोध घेणे, हाती आलेले नीट मांडणे, विधान तयार करणे आणि ते नव्या ठिकाणी लावून पाहणे, या त्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर मागे वळून पाहायचे, की आपण काय शिकलो.

हा वारसा आपलाच आहे

ही पद्धत परदेशी आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही. केसपुत्त नगरातील कालामांनी तथागतांना विचारले की, येणारा प्रत्येक गुरू आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कुणाचे मानायचे? तथागतांनी त्यांना परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा मान यांवर विसंबून न राहता स्वतः तपासायला सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी उत्तर थेट सांगून टाकले नाही. लोभ माणसाच्या हिताचा की अहिताचा? द्वेष हिताचा की अहिताचा? असे एकेक प्रश्न विचारत त्यांनी कालामांकडूनच निष्कर्ष काढून घेतला. चांगला शिक्षक वर्गात हेच करतो.

भदंत नागसेन आणि राजा मिलिंद यांचा रथाचा संवाद तर संकल्पना शिकवण्याचा उत्तम पाठ आहे. राजा म्हणतो, मी रथातून आलो. नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक प्रश्नाला राजा नाही म्हणतो आणि शेवटी त्याच्याच तोंडून येते की, हे सगळे भाग एका रचनेत आले म्हणजे त्याला रथ हे नाव मिळते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंदाचे नाव मिळाले आणि तो परिसर नागसेनवन झाला. शिक्षणसंस्थेला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आणि परिसराला प्रश्नातून शिकवणाऱ्या भिक्खूचे नाव, यापेक्षा स्पष्ट शैक्षणिक धोरण कोणते असेल?

महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीमाई यांच्या शाळेत मातंग समाजातली मुक्ता साळवे शिकली. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा निबंध छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या मुलीने त्यात केला. पुस्तकातले उत्तर पाठ करून हा प्रश्न येत नाही. तो विचार करायला शिकवल्यावरच येतो. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे करा, असे निवेदन दिले. शेतकऱ्याला उपयोगी पडेल असा अभ्यासक्रम आणि शक्यतो त्याच वर्गातून आलेले प्रशिक्षित शिक्षक, हेही त्यांनी मागितले. मुलाच्या जगण्यातून शिक्षण सुरू व्हावे, हा आग्रह त्यामागे दिसतो.

आणि ड्युई? ते कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी त्यांचे ऋण मान्य केले आहे. लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धत नसून एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हा विचार ड्युई यांनी शाळेत रुजवायचा प्रयत्न केला आणि बाबासाहेबांनी तो समाजात.

एक पाठ: आपल्या नळाचे पाणी

आता प्रत्यक्ष पाठ पाहू. वय ६ ते ८ वर्षे, तीन-चार आठवडे, संकल्पना ‘सार्वजनिक’. साहित्य म्हणून वही, खडू, जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि आपली भोसरी पुरेशी आहे.

सुरुवात घरापासून करायची. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येते. त्यामुळे पाण्याचा दिवस कोणता, हे भोसरीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. हंडे, बादल्या, पिंप भरण्याची घाई त्याने पाहिलेली असते. म्हणून पहिला प्रश्न, तुमच्या घरी पाणी कुठून येते? मुले म्हणतील, नळातून. नळात कुठून? टाकीतून. टाकीत कुठून? इथे उत्तरे संपतात आणि खरा शोध सुरू होतो. मुलांचे सगळे प्रश्न एका मोठ्या कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायचे. ज्याला अजून लिहिता येत नाही, त्याने चित्र काढायचे.

त्यानंतर संकल्पना स्पष्ट करायची. पुठ्ठ्यांवर चित्रे काढा: रस्ता, शाळा, घरातली टीव्ही, बाग, पीएमपीची बस, आईची पर्स, सरकारी दवाखाना, दुकानातली पाण्याची बाटली, ग्रंथालय, शेजाऱ्याची मोटारसायकल. मुलांनी दोन ढीग करायचे, ‘सगळ्यांचे’ आणि ‘एकाचे’. काही चित्रे लगेच लागतात, काहींवरून भांडण होते. बसला तिकीट लागते, मग ती सगळ्यांची कशी? सोसायटीची बाग कुठल्या ढिगात? विहार कुठल्या ढिगात? ही भांडणेच पाठाचा जीव आहेत. शिक्षकाने घाईने निकाल देऊ नये. ‘तुला असे का वाटते?’ एवढेच विचारावे. हळूहळू मुले कसोटी शोधतात: कुणालाही जाता येते का, ते कुणी बांधले, पैसे कुणाचे, बिघडले तर दुरुस्त कोण करते.

मग शोध. मोठ्यांना विचारून पाण्याचा प्रवास काढायचा. शहराचे मुख्य पाणी मावळातल्या पवना धरणाचे. ते नदीतून येते, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते, निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि जलवाहिन्यांतून टाक्यांपर्यंत पोहोचते. अलीकडे आंद्रा धरणाचे पाणीही निघोजे बंधाऱ्यातून चिखलीच्या केंद्रात येते. आपल्या गल्लीच्या नळाला यातले कोणते पाणी येते? हा शोधण्याचाच प्रश्न आहे. मुलांनी पालकांबरोबर पाणी सोडणाऱ्या महापालिकेच्या कर्मचाऱ्याला विचारावे. तो वर्गात आला तर फारच छान. ज्याला आपण रोज ‘पाणीवाला’ म्हणून हाक मारतो, तो त्या दिवशी वर्गाचा गुरुजी होतो.

पुढे मांडणी. जमिनीवर खडूने धरण, नदी, बंधारा, केंद्र, टाकी, नळ असा लांब नकाशा काढायचा आणि मुलांनी त्यावरून चालायचे. प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारायचे, इथे कोण काम करते? इथले पाणी कुणाचे? धरणाजवळ शेती करणाऱ्याचे की भोसरीत राहणाऱ्याचे? हा प्रश्न पोकळ नाही. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून शहराला नेण्याला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात बऊर येथे गोळीबारात तीन आंदोलकांचा जीव गेला. लहान मुलांना हा तपशील सांगण्याची गरज नाही, पण शिकवणाऱ्याला तो माहीत असला पाहिजे. एकाच पाण्याकडे दोन बाजूंनी पाहता येते, इतके मुलांना कळले तरी पुष्कळ झाले.

आता विधान. ‘सार्वजनिक गोष्ट म्हणजे...’ असे अर्धे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि मुलांकडून पुरे करून घ्यायचे. त्यांची वाक्ये ओबडधोबड असतील. सगळ्यांच्या पैशातून होते ते सगळ्यांचे, कुणाला हाकलता येत नाही, सगळ्यांनी सांभाळायचे, अशा अर्थाची असतील. ती सुधारायला जाऊ नका, तशीच लिहून ठेवा.

आणि इथे, अगदी शेवटी, महाडची गोष्ट सांगायची. तळे सार्वजनिक होते. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर केला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला. पण कागदावर खुले असलेल्या तळ्याचे पाणी माणसांना घेऊ दिले जात नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

तीन आठवडे ‘सार्वजनिक’ या शब्दाशी झुंजलेल्या मुलाला ही गोष्ट ऐकताना काय होईल? त्याला अन्याय समजावून सांगावा लागणार नाही. ते स्वतःच म्हणेल, तळे तर सगळ्यांचे होते ना! आणि मग शेवटची पायरी, विधान नव्या ठिकाणी लावून पाहणे. आपल्या शाळेत, आपल्या वस्तीत असे काही आहे का, जे सगळ्यांचे आहे पण सगळ्यांना वापरता येत नाही? चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला बागेत जाता येते का? मुलींना मैदानावर खेळता येते का? सात वर्षांच्या मुलाने हा प्रश्न विचारला, की चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच्यापुरता जिवंत झाला.

कारखान्यातला रथ

भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या-छोट्या वर्कशॉपमध्ये वाहनांचे सुटे भाग तयार होतात. चाकण पट्ट्यात गाड्यांची जोडणी होते. म्हणजे आपल्या मुलांचे आईबाप रोज नागसेनांच्या रथाचेच भाग घडवतात. ‘भाग आणि पूर्ण’ ही संकल्पना शिकवायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

जुनी सायकल वर्गात आणा. चाक म्हणजे सायकल का? हँडल म्हणजे सायकल का? सगळे भाग सुटे करून पोत्यात भरले तर ती सायकल का? मुले हसतील आणि नाही म्हणतील. मग काय हवे? जोडणी, क्रम, आणि प्रत्येक भागाचे काम. साखळीतली एक कडी काढली तर काय होते? यातून मुले ‘प्रत्येक भागाचे काम असते आणि एक बिघडला तर पूर्ण अडते’ इथपर्यंत येतात. मग हेच विधान शरीराला लावा, शब्दातल्या अक्षरांना लावा, कुटुंबाला लावा, वस्तीला लावा. कचरा उचलणारी ताई चार दिवस आली नाही तर वस्तीचे काय होते?

‘माप’ ही संकल्पनाही इथे घराघरात आहे. ज्याचे वडील लेथवर काम करतात, त्याने व्हर्निअर हा शब्द ऐकलेला असतो. आधी वितीने बाक मोजू द्या. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. का? मग सगळ्यांचे माप एकच का असावे लागते, हे मुलांना आपोआप कळते. त्यानंतर पट्टी हातात द्या. आपल्या बापाचे काम हेच ज्ञान आहे, हे वर्गात सिद्ध झाले की त्या मुलाची मान ताठ होते. हातकामाला कमी लेखणारी जातिव्यवस्था मोडण्याची सुरुवात पहिलीच्या वर्गात अशीही होऊ शकते.

सहलीसाठीही लांब जायला नको. देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथून पुढे शेलारवाडीची घोरावडेश्वर लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात नांगरधारी शेतकऱ्याच्या पत्नीने, सियागुतनिकेने, दिलेल्या दानाची नोंद आहे. लेणी ‘कुणी बांधली?’ या प्रश्नाला मुले राजाचे नाव देतील. शेतकरी बाईचे नाव दगडावर आहे हे कळल्यावर त्यांचा इतिहासाकडे पाहण्याचा डोळाच बदलेल.

महाराष्ट्रात हे झालेले आहे

हे स्वप्नरंजन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. मूल गुरे राखायला जाते म्हणून शाळेत येत नसेल तर शाळाच कुरणात न्यायची, इतका साधा आणि धाडसी तो विचार होता. पाने, बिया, खडे हेच साहित्य. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी ‘सृजन आनंद विद्यालय’ उभे करून मराठी माध्यमाच्या साध्या शाळेतही शोधातून शिकता येते हे दाखवले.

आणि ज्यांना वाटते की सरकारी शाळेत हे जमणार नाही, त्यांनी सातारा तालुक्यातले कुमठे बीट आठवावे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. राज्यभरातले शिक्षक ती पाहायला तिथे जाऊ लागले आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमातून तो अनुभव सगळीकडे नेण्याचा प्रयत्न झाला. अनेक ठिकाणी मात्र फरश्या आणि भिंती रंगल्या, पण प्रश्न विचारण्याची पद्धत जुनीच राहिली. साहित्य बदलणे सोपे असते, सवय बदलणे अवघड. यातून आपण हे शिकावे, की रंगीत वर्ग पाहून भुलायचे नाही. वर्गात प्रश्न कोण विचारतो, ते पाहायचे.

दोन धोके

पहिला धोका अक्षरओळखीकडे दुर्लक्ष करण्याचा. ज्या घरात पुस्तके, वर्तमानपत्रे, गोष्टी वाचून दाखवणारे आईवडील आहेत, त्या घरातले मूल शाळेत थोडे कमी शिकले तरी वाचायला लागते. आपल्या अनेक घरांत दोन्ही पालक शिफ्टमध्ये कामाला असतात. त्या मुलाला अक्षरे, काना-मात्रा, बेरीज-वजाबाकी ही शाळेनेच नीट, क्रमाने, रोज सराव घेऊन शिकवली पाहिजेत. शोधाच्या नावाखाली हे सोडून दिले, तर नुकसान आपल्याच मुलांचे होईल. ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताचा पाया मिळावा, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते आपण धरून ठेवले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात. मुलाने नळ, टाकी, नदी हे शब्द पाण्याच्या पाठातच वाचले-लिहिले, तर वाचनालाही अर्थ येतो.

दुसरा धोका भाषेचा. संकल्पना तयार होते ती मूल ज्या भाषेत भांडते त्या भाषेत. भोसरीत मराठवाड्याची, विदर्भाची, खानदेशची मराठी बोलणारी आणि हिंदी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. मुलाने आपल्या बोलीत उत्तर दिले म्हणून ते चूक ठरवू नका. इंग्रजी शिकवाच, बाबासाहेबांच्या समाजाने इंग्रजीला कधी घाबरू नये. पण न कळणाऱ्या भाषेत पाठ केलेले वाक्य हे पुन्हा तेच माईकवरचे भाषण झाले.

आपण काय करायचे?

कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा, शिकणे कृतीतून आणि शोधातून व्हावे, शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेतून व्हावे आणि मूल भीतीपासून मुक्त असावे, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे शोध-शिक्षण ही कुणाची मेहेरबानी नाही, तो आपल्या मुलांचा हक्क आहे. कलम २१ नुसार सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्वही द्यावे लागते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पहिले काम हे करावे, की आपल्या वस्तीतल्या माता-पित्यांना या समितीत पाठवावे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहावे. समितीत केवळ गणवेश आणि पोषण आहारावर न थांबता तीन प्रश्न विचारावेत. पहिली-दुसरीला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे का? शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून शिकवायला वेळ मिळतो का? या महिन्यात मुले परिसरात काय पाहायला गेली? प्रश्न शिक्षकाला कोंडीत पकडण्यासाठी नाहीत. चांगले करू पाहणारा शिक्षक अनेकदा एकटा असतो. त्याला पालकांची साथ हवी असते.

दुसरे काम विहारात. आपल्या वस्तीत विहार आहे, रविवारची वंदना आहे, बालसंस्कार वर्ग आहे. तिथे एक तास वाढवा. त्रिशरण-पंचशील म्हणून झाल्यावर एक शील घेऊन बसा. ‘चोरी’ म्हणजे काय? न विचारता पेन्सिल घेतली तर? सापडलेले दहा रुपये ठेवले तर? कामगाराची मजुरी बुडवली तर? मुले बोलतील, वाद घालतील, मत बदलतील. यासाठी डी.एड. झालेलेच कुणी लागते असे नाही. बारावी झालेली ताई किंवा महाविद्यालयात जाणारा दादा थोड्या तयारीनिशी हे करू शकतो. नियम तीनच: उत्तर आधी सांगायचे नाही, कुणाला हसायचे नाही आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘का?’ विचारायचे.

तिसरे काम जयंती मंडळांनी करावे. भाषणस्पर्धा ठेवा, पण लहान गटासाठी शेजारी एक प्रश्नस्पर्धाही ठेवा. ज्या मुलाचा प्रश्न सर्वात चांगला, त्याला बक्षीस. बाबासाहेबांच्या जीवनातल्या एखाद्या प्रसंगावर मुलांनी स्वतःचे प्रश्न लिहून आणावेत आणि मोठ्यांनी त्यांची उत्तरे द्यायचा प्रयत्न करावा. कदाचित मोठ्यांनाच उत्तर येणार नाही. आले नाही तर सगळे मिळून शोधू.

बाबासाहेबांच्या ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या संदेशात शिकणे पहिले आहे. पाठांतरावर मोठा झालेला माणूस घोषणा देऊ शकतो, पण नव्या वेषात आलेला जुना अन्याय त्याला ओळखता येत नाही. आज तळ्यावर पहारा नाही. पहारा वेगळ्या जागी आहे, कधी शाळेच्या फीमध्ये, कधी नोकरीच्या कंत्राटात. तो ओळखायचा असेल तर ‘सार्वजनिक’, ‘हक्क’, ‘समान’ हे शब्द मुलांच्या जिभेवर असून भागणार नाही, ते त्यांच्या विचारात उतरले पाहिजेत. त्याची सुरुवात दहावीनंतर करून चालणार नाही. ती पहिलीत, आपल्या गल्लीतल्या नळापाशी करावी लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!